पिन काढल्यासारखं करा

सूर्यभान इंगोले स्वतःला कमांडंट म्हणवून घेई, आणि कुणी तसं म्हटलं नाही तर ऐकूच आलं नाही असं दाखवी. उमेदीची सगळी वर्षं त्याने एका बँडपथकात मोठा ढोल बडवण्यात घालवली होती. शत्रू म्हणून आजवर त्याने पाहिला तो एकच, शेजारी उभा राहून ताल चुकवणारा झांजवाला. पण छातीवर ढोल बांधून चालल्यामुळे चाल ताठ झाली होती, मिशा मुळातच होत्या, आणि एवढ्या भांडवलावर अमरावतीत तो सिक्युरिटीतला जाणकार ठरला होता.

बडनेरा रोडवरचं एक बंद पडलेलं मंगल कार्यालय भाड्याने घेऊन त्याने 'व्याघ्रकवच सिक्युरिटी ट्रेनिंग सेंटर' काढलं. आधीच्या मालकाने वधूवरांच्या लाल मखमली खुर्च्या तिथेच टाकल्या होत्या. नवरदेवाच्या खुर्चीत कमांडंट बसे आणि नवरीच्या खुर्चीत त्याची टोपी. मागच्या भिंतीवर थर्माकोलची 'शुभविवाह' ही अक्षरं अजून होती. त्यातला 'वि' गळून पडला होता.

गार्ड व्हायचं तर कायद्याने ट्रेनिंगचा दाखला लागतो. त्यात काय शिकवायचं तेही कायद्यात लिहिलेलं आहे: आग लागली तर काय करायचं, जखमीला कसं उचलायचं, गर्दी कशी आवरायची, ओळखपत्र कसं तपासायचं. सूर्यभानने हे सगळं वाचलं होतं आणि त्यातून त्याला एकच गोष्ट कळली होती, सलामी. त्यामुळे सकाळी सलामी, दुपारी परेड आणि संध्याकाळी परेडनंतरची सलामी असा अभ्यासक्रम चाले. सशस्त्र गार्डांचा कोर्स वेगळा होता, म्हणजे फी वेगळी होती. त्यांना एक लाकडी बंदूक मिळे. ती खांद्यावर घ्यायची, उतरवायची, पुन्हा खांद्यावर घ्यायची. खरी बारा बोअर कपाटात आहे असं सांगितलं जाई. कपाट उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

या कारखान्यात प्रणाली आग हा विषय शिकवी. ती धामणगाव रेल्वेची, रसायनशास्त्रात बीएस्सी. रोज सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरायचं आणि तिथून ऑटोने सेंटरवर यायचं. विषयाला पदवीधर शिक्षक असला की कागदावर बरं दिसतं, म्हणून तिला घेतलं होतं. पहिल्या दिवशी तिने फळ्यावर आगीचा त्रिकोण काढला: इंधन, उष्णता, प्राणवायू. यातली एक बाजू काढली की आग संपते. वर्गाला ते पटलं. कमांडंटने दारातून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, या तिकोनात सलामी कुठी हाय?"

तिला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती.

नवरदेवाच्या खुर्चीमागे एक लाल बाटली उभी असे, आग विझवायच्या पावडरीची. वरच्या दांड्यातून एक पिन आरपार गेलेली, तिला कडी, आणि पिन सरकू नये म्हणून पिवळ्या प्लास्टिकचं सील. पिन काढल्याशिवाय दांडा दबत नाही आणि दांडा दबल्याशिवाय पावडर येत नाही. एवढंच यंत्र. ते शिकायला पाच मिनिटं लागतात आणि हाताला एकदा खरं करावं लागतं.

"सर, एकदा खरी पिन काढून दाखवू या," प्रणाली म्हणाली होती. "अंगणात पत्र्याचं ताट ठेवू, थोडं डिझेल. प्रत्येकाच्या हाताला कळू द्या."

"मॅडम, तुमी बीएस्सी आहा ना?"

"हो."

"मंग तुमाले हे कसं समजत नाई? पिन काढली की सील तुटते. सील तुटलं की इन्स्पेक्शनले आलेला साहेब विचारते, सील कुठी हाय? त्याले काय सांगू, पोट्ट्याईले शिकवलं म्हनून?"

"शिकवायलाच तर आहे ती."

"शिकवा ना! मी कवा नाई म्हनलं? पिन काढल्यासारखं करा, दांडा दाबल्यासारखं करा, आग विझल्यासारखं करा. समजदाराले इशारा."

मग त्याने स्वतःच आगीची कवायत बसवून दिली, आकड्यांवर. एक म्हटलं की सलामी ठोकून 'साहेब, आग!' असा रिपोर्ट. दोनला बाटली उचलायची. तीनला पिन काढल्यासारखं करायचं, म्हणजे पिनेच्या शेजारून हवेत चिमूट ओढायची. चारला नळी आगीकडे. पाचला दांडा दाबल्यासारखं करून डावीउजवीकडे झुलायचं. सहाला बाटली खाली आणि पुन्हा सलामी. प्रणालीने आकडे मोजायचे. ती मनात याला आगीचं लेझीम म्हणे. गाडीत खिडकीशी बसून ती कमांडंटच्या मिशीपासून बुटापर्यंत एकेका गोष्टीचा तिरस्कार करी, व्यवस्थित, भाग पाडून, जसा ती कॉलेजात बेडूक कापायची. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा म्हणे, "तीन. पिन काढल्यासारखं करा."

एक काम मात्र ती खरं करी. दर सोमवारी बाटली उलटी करून हलवायची. पावडर तळाशी बसून तिचा गोळा होतो आणि मग पिन काढूनही काही येत नाही, हे तिला माहीत होतं. दाबाचा काटा हिरव्या पट्टीत आहे ना, तेही ती पाही. कमांडंटला वाटे, मॅडम धूळ पुसतात.

त्या बॅचमध्ये खुर्शीदबी होत्या. अकोल्याच्या. नवरा गेल्यावर अमरावतीला बहिणीच्या घरी आल्या होत्या, आणि बहिणीच्या घरी माणूस किती दिवस बहीण राहतो हे त्यांना कळून चुकलं होतं. अकोल्यात गार्डची नोकरी लागली की स्वतःचं बंद घर उघडायचं, एवढाच त्यांचा हिशेब. खाकी पँटवर त्या ओढणी घट्ट गुंडाळून सलामी ठोकत आणि सलामी झाली की "या अल्ला, कंबर" म्हणत.

एका दुपारी डबा खाताना त्यांनी विचारलं, "बेटी, एक गोष्ट विचारू? हसशील तं नाई?"

"विचारा ना, खाला."

"हे पिन काढल्यासारखं करतो ना आपन... खरी आग लागली तं तवा काय करायचं?"

"तेव्हा खरी काढायची."

"ते समजलं वं. पन निघते कशी? ओढाची का फिरवाची? जोर किती लागते? मी तं हवाच ओढून राहिली तीन हप्त्यापासून."

प्रणाली हसली नाही. तिने बाटली आणून दाखवलं, बोट कडीत घालून. सरळ ओढायची, सील आपोआप तुटतं. खुर्शीदबींनी बोट घातलं, आणि मागून कमांडंटचा आवाज आला, "ओ चाची! सील! सीलले हात नोको लावू!" खुर्शीदबींनी बोट असं मागे घेतलं, जसं काही बाटलीच पेटली होती.

त्याच आठवड्यात अकोल्याहून निरोप आला. एमआयडीसीतल्या एका जिनिंग मिलला गार्ड हवे होते, गेटवर बायांची झडती घ्यायला एक बाईपण. आधी आग विझवण्याचं प्रात्यक्षिक दाखवा, मग करार. कमांडंट आनंदाने नवरदेवाच्या खुर्चीतून दोनदा उठला आणि दोनदा परत बसला.

प्रणालीला जिनिंग म्हणजे काय ते ठाऊक होतं. धामणगावात ती कापसाच्या गंज्या पाहतच वाढली होती. उघड्या अंगणात घरापेक्षा उंच पांढरे ढीग, हवेत तरंगणारे तंतू, खाली सरकी. कोरड्या कापसाला ठिणगी पुरते. आणि वरची ज्वाला विझली तरी आत धग राहते, तासन्‌तास. खुर्शीदबी तिथे उभ्या राहणार होत्या, आणि त्यांनी आजवर फक्त हवा ओढली होती.

"सर, निदान जाण्याआधी एकदा," ती म्हणाली. "सगळ्यांनी नाही, खालांनी एकट्यांनी. त्यांना कापसाजवळ उभं राहायचं आहे."

"मॅडम, नव्या नवरीले कोनी पोराचं नाव विचारते का? आधी लगन लागू द्या. करार झाला की शंभर पिना काढू."

करार होऊ दे, मग बाटली, असं त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. प्रणालीने ते शब्द लक्षात ठेवले.

अकोल्याला टेम्पो ट्रॅव्हलरने गेले. बाटली खुर्शीदबींच्या मांडीवर, शाल गुंडाळून, लेकरासारखी. सील झिजू नये म्हणून कमांडंटने वर हातरुमाल बांधला होता. तो स्वतः पुढे बसून श्यामला सूचना देत होता. श्याम हा बॅचचा म्होरक्या, तिशीचा, अवजड, आणि सलामीत पहिला. त्याची टाच आपटली की मंगल कार्यालयाच्या खिडक्या वाजत. दुसरं काही त्याला येतं का, हे कुणी कधी तपासलं नव्हतं.

मिलचा मॅनेजर गोरा, घामट, सतत फोनवर. त्याने अंगणात लोखंडी ताट ठेवायला सांगितलं आणि त्यात हमालाकडून कापसाचा बोळा आणि डिझेल टाकवलं. "बस, बस, बस, एवढं कायले? पेटल्याशी मतलब," असं म्हणत त्याने डबा अर्ध्यातच अडवला. प्रणालीने पाहिलं, ताटाचा तळसुद्धा नीट ओला झाला नव्हता. जवळची कापसाची गंजी मात्र तिला फार जवळ वाटली.

"ताट थोडं लांब घ्या," ती म्हणाली. "वारा गंजीकडे आहे."

"मॅडम शिकलेल्या हायेत," कमांडंट मॅनेजरला म्हणाला, जणू एखादं दुखणं सांगावं.

ताट पेटलं. श्याम धावत आला, टाच आपटली. "साहेब, आग!" कमांडंटने सलामी परत केली. मॅनेजरला यातलं काही तरी इतकं आवडलं की त्याने फोन खिशात ठेवला. श्यामने बाटली उचलली, हवेतली पिन ओढली, नळी रोखली आणि दांडा दाबल्यासारखं करून झुलू लागला. मागे बाकीच्यांची रांग मोकळ्या हातांनी त्याच तालात झुलत होती, डावीकडे, उजवीकडे. ताटात डिझेल होतंच किती? बोळा जळून गेला, ज्वाला बसली, आणि श्यामने 'सहा'ला बाटली खाली ठेवली तेव्हा ताटात फक्त धूर होता. रांगेने सलामी ठोकली.

मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. हमालांनीही वाजवल्या.

"क्या बात है! डिसिप्लिन!" मॅनेजर म्हणाला. "पावडरसुद्धा नाही उडाली. एकदम साफ काम."

"व्याघ्रकवच," कमांडंट म्हणाला.

प्रणाली थक्क होऊन उभी होती. इंधन संपलं म्हणून आग संपली, हे सातवीतल्या पोराने सांगितलं असतं. इथे मिलचा मॅनेजर, एक कमांडंट आणि पंचवीस-तीस मोठी माणसं एका पूर्ण भरलेल्या, पूर्ण बंद बाटलीचं कौतुक करत होती. तिला हसू येईना, रागही येईना. मेलेल्या झुरळाकडे पाहताना वाटतं तेवढंच वाटलं.

तेवढ्यात वाऱ्याने ताटातली जळकी काजळी उचलली. तिच्यात एक लाल तंतू होता. तो हलकेच गेला आणि गंजीच्या कडेला बसला. आधी एक तपकिरी ठिपका दिसला, मग ठिपक्याला कड फुटली, मग कड पळू लागली.

"आग! खरी आग हाय!" खुर्शीदबी ओरडल्या.

श्याम धावला. शिकवल्याप्रमाणे धावला. गंजीच्या समोरून वळून कमांडंटकडे आला, टाच आपटली, आणि म्हणाला, "साहेब, आग!"

आणि कमांडंटने, मागे कापूस पेटत असताना, सलामी परत केली.

बाटली खाली पडली होती. प्रणालीने झेप घेऊन ती उचलली. या मूर्खांत यातलं कळणारे आपण एकटेच आहोत, हेच त्या क्षणी तिच्या मनात होतं. ती गंजीपाशी पोचली, तोंडाने काही तरी पुटपुटत. नळी ज्वालेच्या बुडाशी धरली आणि दांडा दाबला. दांडा हलेना. पुन्हा दाबला. तळहाताला धार लागली, दांडा जागचा हलला नाही. पावडरीचा गोळा झाला? मी तर दर सोमवारी हलवते. काटा? काटा हिरव्यात. तिसऱ्यांदा दाबताना तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. ती मोठ्याने मोजत होती. "तीन. पिन काढल्यासारखं करा. चार."

पिन जागेवर होती. सील जागेवर होतं. तिने पिनेच्या शेजारून हवा ओढली होती, सुबक, अगदी कवायतीतल्यासारखी.

तिने कडीत बोट घातलं आणि ओढलं. सील कट्‌कन तुटलं. पांढरा लोट सुटला, गंजीवर आदळला, आणि ज्वाला जागच्या जागी बसली. तिने कडेकडेने झाडलं, बाटली फुस्स होईपर्यंत.

"आता कापूस ओढा!" ती हमालांवर ओरडली. "जळका कापूस बाहेर काढा, पसरा, पाणी मारा! आत धग आहे!" हमाल धावले. खुर्शीदबींनी ओढणी कंबरेला खोचली आणि पाइप ओढत आणला. जळका भाग उपसून, तुडवून, भिजवून झाला. मिलचं नुकसान झालं ते एका बैलगाडीभर कापसाचं. प्रणाली पावडरीने अर्धी पांढरी होऊन उभी होती. कमांडंटकडे ती महिनोन्‌महिने ज्या नजरेने पाहत आली होती, ती नजर आता फिरवायला दुसरीकडे जागा नव्हती.

कमांडंट पुढे आला. त्याने तुटलेलं पिवळं सील उचललं आणि हळहळत खिशात टाकलं. मग तो मॅनेजरकडे वळला.

"साहेब, पाह्यलं? पयलं प्रात्यक्षिक साधं. दुसरं, पावडरवालं. हे आमी बाकी कोनाले दाखवत नाई."

मॅनेजरने विझलेल्या गंजीकडे पाहिलं, मग स्वतःच्या ताटाकडे, मग वाऱ्याकडे. ताट कुणी कुठे ठेवायला सांगितलं होतं, हे त्याला आठवलं असावं, कारण त्याने घाईने मान डोलावली. "बढिया. एकदम रियल वाटलं." करार त्याच संध्याकाळी झाला.

परतताना कमांडंट टेम्पोत पुढे बसून खिशातलं सील चाचपत होता. बडनेऱ्याला तिला उतरवताना एवढंच म्हणाला, "मॅडम, तुमी लय मोठं काम केलं. पन सीलचं मी काय करू आता?"

सोमवारी ती आली तर फाटकावर नवा फ्लेक्स होता. त्यावर कुणीतरी फोनवर टिपलेला फोटो; पांढऱ्या लोटासमोर कमांडंट सलामी ठोकत होता आणि खाली 'प्रत्यक्ष अग्निशमनाचा अनुभव' असं लिहिलं होतं. प्रणालीचा एक कोपर फ्रेममध्ये आला होता. आत, नवरदेवाच्या खुर्चीमागे, लाल बाटली जागच्या जागी होती. पिन परत घातलेली. पिनेला कोरं पिवळं सील.

तिने बाटली उचलली. हलकी होती. काटा लाल पट्टीत पडला होता.

"सर, ही भरून नाही आणली?"

"भराची कायले? सील तं लागलं."

"सर, करार झाला की पिन काढू म्हणाला होता."

"मॅडम, नवं सील हाय ते! काल लावलं!"

तिने ऐकून घेतलं. मग बाटली छातीशी धरून ती वर्गात गेली. आत ती परवाची बॅच शेवटच्या दिवसासाठी जमली होती. खुर्शीदबी सामान बांधूनच आल्या होत्या, दुपारच्या गाडीने अकोल्याला जायला. मिलमध्ये त्यांची ड्यूटी उद्यापासून, गंजीजवळच्या गेटवर.

"ही बाटली रिकामी आहे," प्रणाली म्हणाली. "हिच्यात आता वाचवायसारखं काही नाही. पावडर गेली, म्हणून पिन कितीही वेळा काढता येते, परत घालता येते. इतके दिवस मी तुम्हाला हवा ओढायला शिकवलं. परवा मीही हवाच ओढली. तुम्ही पाहिलं." तिने बाटली सगळ्यांसमोर उभी केली. "आज एकेकाने यायचं. आणि मिलमध्ये भिंतीवरच्या बाटल्या भरलेल्या असतात. ड्यूटीवर गेलं की आधी काटा पाहायचा. हिरव्यात नसेल तर मॅनेजरच्या डोक्यावर बसायचं. या, खाला."

"सील हाय ना वं त्याले," खुर्शीदबी कुजबुजल्या. "नवं."

"हो. नवं आहे."

खुर्शीदबींनी कडीत बोट घातलं. एकदा दाराकडे पाहिलं. मग दात आवळून इतक्या जोराने ओढलं की सील तुटून टाइलवर पडलं, पिन सुटली आणि त्या स्वतः दोन पावलं मागे गेल्या. हातातल्या पिनेकडे त्या पाहत राहिल्या.

"अवं माय. एवढंच?"

"एवढंच."

"मंग इतके दिवस काहून नाचवलं आमाले?"

प्रणालीने बाटली पुन्हा त्यांच्यासमोर धरली. मागे श्याम पुढे सरकून म्हणत होता, "मॅडम, माझा नंबर, माझा नंबर," आणि पहिल्यांदाच त्याच्या टाचा शांत होत्या.

दारात कमांडंट उभा राहिला. त्याने जमिनीवरचं सील पाहिलं, आणि आयुष्यात जे एक त्याला येत होतं ते केलं. "बॅच! साव-धान! स-ला-म!"

सगळ्यांचे हात सवयीने कपाळाकडे गेले. खुर्शीदबींचा उजवा हात गेला नाही. त्यात पिन होती, आणि ती परत जागेवर घालून दुसऱ्यांदा ओढून पाहायची घाई होती.